गोठवलेल्या चिकनचा बर्फ सुरक्षितपणे कसा सोडवावा

फ्रीजरमधून काढलेले चिकन तासन्‌तास ओट्यावर ठेवून देण्याची सवय सर्वांत आधी सोडायला हवी. बर्फ बाहेरून आत सुटत जातो, त्यामुळे गाभा दगडासारखा घट्ट असतानाच वरचा थर खोलीइतका कोमट झालेला असतो. ४ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात साल्मोनेलासारखे जिवाणू झपाट्याने वाढतात; गोठवल्याने ते मरतातच असे नाही, त्यांची वाढ तेवढी थांबते.

भरवशाची जागा म्हणजे फ्रीज. त्याचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी असावे. पाकीट न फोडता खोलगट भांड्यात घालून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे सुटलेले पाणी इतर पदार्थांवर ठिबकत नाही. अखंड कोंबडीला दर दोन किलोमागे साधारण २४ तास लागतात, म्हणून बेत आदल्या दिवशीच ठरवावा. असे चिकन पुढे एक-दोन दिवस फ्रीजमध्ये टिकते आणि गरज पडल्यास न शिजवता पुन्हा गोठवताही येते, मात्र त्याचा रसाळपणा थोडा कमी होतो.

वेळ कमी असेल तर पाणी आत शिरणार नाही अशा पिशवीत चिकन बंद करून ते थंड पाण्यात पूर्ण बुडवावे आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदलावे. अर्ध्या किलोला सुमारे अर्धा तास पुरतो. गरम पाणी मुळीच वापरू नये. मायक्रोवेव्हमध्येही बर्फ सोडवता येतो, पण त्यात कडा शिजू लागतात. थंड पाणी असो वा मायक्रोवेव्ह, या दोन्ही पद्धतींनंतर चिकन लगेच शिजवावे.

अखंड कोंबडीच्या पोटात बोट घालून पाहावे: आत बर्फाचे कण लागले किंवा मांडीचा सांधा सहज हलला नाही, तर अजून वेळ द्यावा. बर्फ सुटल्यावर चिकन नळाखाली धुऊ नये, कारण उडालेल्या थेंबांबरोबर जिवाणू ओटा आणि भांड्यांवर पसरतात. भांडे, सुरी आणि हात मात्र साबणाने धुवावेत.

बर्फ सोडवायला वेळच नसेल, तर गोठलेले चिकन थेट शिजवणेही सुरक्षित आहे. नेहमीच्या दीडपट वेळ धरावा आणि सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंशांवर पोहोचल्याची थर्मामीटरने खात्री करावी.