आईवडिलांना परदेशी राहायला आणताना या चुका टाळा

आईवडिलांना आपल्याकडे आणायचे असे घरात ठरले की मुले लगेच अर्ज शोधू लागतात, आणि बहुतेक वेळा पहिली चूक तिथेच होते. कोणता अर्ज भरायचा हा प्रश्न खरे तर चौथा किंवा पाचवा आहे. आईवडील वर्षातले किती महिने तिथे राहणार, त्यांच्या आजारपणाचा खर्च कोण आणि कशातून करणार, बाकीची भावंडे कोणत्या देशांत आहेत, आणि मुलाचा स्वतःचा त्या देशातला दर्जा काय (नागरिक, कायम रहिवासी की तात्पुरता), एवढे आधी कागदावर मांडले तर निम्मे मार्ग आपोआप गळून पडतात. हे न करता शुल्क भरून मोकळे झालेल्या कुटुंबांना दोन-तीन वर्षांनी कळते की सुरुवातीचा मार्गच चुकला होता, आणि तोवर वडिलांचे वय आणि तब्येत दोन्ही बदललेली असतात.

एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावणे

कॅनडातल्या मित्राने कायम रहिवासी असतानाच आईला स्पॉन्सर केले, म्हणजे हमी घेऊन कायमचे बोलावले, म्हणून अमेरिकेतला ग्रीन कार्डधारकही (म्हणजे तिथला कायम रहिवासी) तसे करू पाहतो, पण अमेरिकेत आईवडिलांसाठी अर्ज करण्याचा हक्क फक्त किमान २१ वर्षे वयाच्या नागरिकालाच आहे. ग्रीन कार्डावर कितीही वर्षे झाली असली तरी तो मिळत नाही. नागरिकत्व मिळाल्यावर मात्र हा मार्ग इतर देशांच्या मानाने बराच मोकळा आहे, कारण नागरिकाच्या आईवडिलांसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही आणि रांगेत तारखेची वाट पाहावी लागत नाही.

याच मार्गातली दुसरी गफलत म्हणजे दोघांसाठी मिळून एकच अर्ज करणे. या वर्गात जोडीदाराला किंवा मुलाला सोबत नेण्याची सोय नाही. आईसाठी एक आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज) आणि वडिलांसाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. घरात अजून शिकणारे धाकटे भावंड असेल तर ते या अर्जातून येऊ शकत नाही. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जात मात्र आईवडिलांवर अवलंबून असलेले, २२ वर्षांखालचे अविवाहित अपत्य समाविष्ट करता येते. नियमांतला हा फरक लहान दिसतो, पण त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा सगळा बेत बदलू शकतो.

पर्यटक व्हिसावर आणून मग बघू

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. विचार साधा असतो: आधी भेटीच्या व्हिसावर बोलवावे, मग तिथेच कायमचा अर्ज टाकावा. अमेरिकेत नागरिकाच्या आईवडिलांना देशात राहून दर्जा बदलण्याचा अर्ज, म्हणजे आय-४८५, कायद्याने करता येतो हे खरे आहे. पण विमानतळावर ‘दोन महिन्यांसाठी मुलाला भेटायला आलो’ असे सांगताना मनात कायमचे राहायचे ठरलेले असेल, तर ते खोटे निवेदन ठरते, आणि खोट्या निवेदनाचा शिक्का बसल्यास पुढचे सगळे व्हिसे अडचणीत येतात. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत सांगितलेल्या हेतूशी विसंगत पाऊल उचलल्यास मूळ हेतूच तसा होता असे परराष्ट्र खात्याचे अधिकारी गृहीत धरू शकतात. त्याचा अर्थ ९१व्या दिवशी सगळे माफ होते असाही नाही. सल्ला देणारे पुष्कळ लोक नेमके इथे चुकीचे सांगतात.

परिस्थिती खरोखर बदलली असेल, म्हणजे आई भेटीला आलेली असताना वडील तिकडे वारले किंवा तिलाच इथे पक्षाघात झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा परतीचे तिकीट, तिकडच्या घराची कागदपत्रे आणि आजाराच्या तारखा दाखवणारे दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत, म्हणजे येतानाचा हेतू प्रामाणिक होता हे दाखवता येते.

मुदतीबाबतही घोळ होतो. पासपोर्टावरचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेत किती दिवस राहता येईल हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. व्हिसाची तारीख पाहून निर्धास्त राहिलेले आईवडील नकळत मुदतीबाहेर जातात. कायदेशीर तपासणी होऊन आलेल्या आईवडिलांची अशी मुदतबाह्य राहणी आय-४८५ मध्ये सहसा आड येत नाही. मात्र १८० दिवसांहून अधिक काळ असे राहून ते देशाबाहेर गेले तर ३ वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहून गेले तर १० वर्षे परत येण्यास मनाई होते. शिवाय अर्ज नाकारला गेला आणि तोवर मुदतही संपलेली असली, तर हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणून अडचण लक्षात आल्यावर घाबरून विमानात बसवणे हा उपाय अनेकदा मूळ अडचणीपेक्षा वाईट ठरतो.

आय-४८५ प्रलंबित असताना गावी लग्नकार्याला किंवा कोणाच्या आजारपणात जाऊन यायचे असेल, तर आधी प्रवासाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती न घेता देश सोडल्यास अर्ज सोडून दिला असे धरले जाते. ज्यांना वर्षभर कुठेही न जाता राहणे शक्य नाही, अशा आईवडिलांसाठी मायदेशातल्या दूतावासातून जाणारा मार्गच सोयीचा, असे माझे मत आहे.

इतर देशांत हे दार आणखी अरुंद आहे. ब्रिटनमध्ये अवलंबून असलेल्या प्रौढ नातेवाइकाचा अर्ज देशाबाहेरूनच करावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या भेटीच्या व्हिसावर बऱ्याचदा ८५०३ ही अट असते, आणि ती असली की तिथे राहून बहुतेक दुसरे व्हिसे मागताच येत नाहीत. व्हिसा मंजूर झाल्याचे पत्र हाती आले की आनंदात ते मिटवून ठेवण्याआधी त्यातल्या अटी वाचाव्यात.

भावंडांची मोजणी न करता शुल्क भरणे

ऑस्ट्रेलियाच्या कायम वास्तव्याच्या पालक व्हिसांना कुटुंब-समतोलाची कसोटी लागू होते. निम्मी किंवा त्याहून अधिक अपत्ये ऑस्ट्रेलियात कायमची राहत असली पाहिजेत, किंवा अन्य कोणत्याही एका देशात आहेत त्यापेक्षा अधिक अपत्ये ऑस्ट्रेलियात असली पाहिजेत. दोन अपत्यांपैकी एक तिथे असेल तर कसोटी पार होते. तीन अपत्ये तीन देशांत असतील तर होत नाही, कारण निम्मेही भरत नाही आणि आघाडीही नाही. सावत्र अपत्येही या मोजणीत धरली जातात, आणि संबंध तुटलेले असले तरी ते भावंड वगळता येत नाही. किती मनापासून सांभाळणार आहात याला इथे गुण नाहीत.

कसोटी पार झाली तरी रांग उरतेच. कमी शुल्काच्या पालक व्हिसाची प्रतीक्षा सरकारच्याच अंदाजानुसार तीन दशकांची किंवा त्याहून अधिक आहे. सत्तरीतल्या आईसाठी हा अर्ज करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. योगदानाचा, म्हणजे मोठे शुल्क भरून मिळणारा, १४३ क्रमांकाचा व्हिसा त्या मानाने लवकर येतो, पण त्यालाही दशकाहून अधिक काळ लागण्याचा अंदाज दिला जातो, आणि दर प्रौढ व्यक्तीमागे दुसऱ्या हप्त्यातच ४३ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागतात. ज्यांची मोजणी बसत नाही त्यांनी २०१९ साली सुरू झालेल्या ८७० या तात्पुरत्या व्हिसाचा विचार करावा. तो ३ किंवा ५ वर्षांचा मिळतो, सगळा मिळून १० वर्षांपर्यंत राहता येते, आणि त्याला कुटुंब-समतोलाची कसोटी नाही. त्यात नोकरी करता येत नाही आणि आधी मुलाची स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये श्रीमंतीचा पुरावा देणे

ब्रिटनच्या अर्जात लोक नेमका उलटा पुरावा देतात. आपला पगार मोठा आहे, आईला आपण दरमहा भरपूर पैसे पाठवतो, तिच्यासाठी बाई ठेवली आहे, असे अभिमानाने लिहितात, आणि त्याच कारणाने अर्ज फेटाळला जातो. जुलै २०१२ मध्ये कडक झालेल्या नियमांनुसार वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे आंघोळ, कपडे, स्वयंपाक यांसारख्या रोजच्या कामांना दीर्घकाळ मदतीची गरज आहे, आणि मुलाने पैसे देऊनही ती मदत मायदेशात मिळत नाही किंवा परवडत नाही, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एकटेपणा आणि काळजी ही कारणे कितीही खरी असली तरी पुरत नाहीत. ओळखीच्या डॉक्टरांनी दोन ओळींत लिहिलेल्या दाखल्यापेक्षा, कोणते काम आई स्वतः करू शकत नाही हे एकेक करून सांगणारा स्वतंत्र वैद्यकीय अहवाल, आणि कोणत्या सेवा चौकशी करूनही मिळाल्या नाहीत याच्या लेखी नोंदी, यांना वजन असते. मला हा नियम निष्ठुर वाटतो, पण तो आहे तसा समजून घेऊनच अर्ज लिहावा लागतो.

आजच्या पगारावर गणित मांडणे

कॅनडात आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी मागच्या ३ करवर्षांचे उत्पन्न पाहिले जाते, त्यामुळे गेल्या महिन्यातल्या पगारवाढीचा उपयोग नसतो. कुटुंबाची संख्या मोजताना येणारे आईवडील आणि पूर्वी स्पॉन्सर केलेली माणसेही धरावी लागतात, आणि हा एक आकडा चुकला की पात्रताच चुकते. एवढे करूनही अर्ज हवा तेव्हा करता येत नाही. २०२० साली इच्छा नोंदवलेल्यांच्या यादीतूनच पुढे २०२५पर्यंतच्या फेऱ्यांमध्ये निमंत्रणे दिली गेली. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्यापूर्वी एवढे लक्षात असावे.

सहीचे ओझेही अनेकांना नंतर कळते. आईवडिलांना स्पॉन्सर करताना मुलाला त्यांच्या खर्चाच्या हमीपत्रावर सही करावी लागते. कॅनडात, क्वेबेक वगळता, हे हमीपत्र २० वर्षांचे असते आणि त्या काळात आईवडिलांनी सरकारी मदत घेतल्यास ती रक्कम मुलाला फेडावी लागते. अमेरिकेच्या आय-८६४ हमीपत्रात मुलाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडल्यास दुसरा सहहमीदार घेता येतो. हमीची मुदत मात्र वर्षांत मोजलेली नाही: आईवडील नागरिक होईपर्यंत, त्यांच्या नावे कामाच्या ४० तिमाह्या (साधारण दहा वर्षांचे काम) जमेपर्यंत, ते कायमचे देश सोडेपर्यंत किंवा त्यांच्या मृत्यूपर्यंत ती चालू राहते. मुलाची नोकरी गेल्याने ती संपत नाही. सहहमीदार म्हणून मेहुण्याची सही सहज मागितली जाते, तेव्हा हे त्याला सांगितलेले असावे.

व्हिसा मिळाला म्हणजे औषधपाणी मिळाले असे समजणे

कॅनडाचा सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांसाठीचा दीर्घ भेटीचा व्हिसा, अनेकांना खरोखर उपयोगी पडतो. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेत ५ वर्षांपर्यंत राहता येते. पण त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. फक्त अर्जापुरती सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि तिच्यातली जुन्या आजारांची अट कोणी वाचत नाही. अमुक महिने औषधाचा डोस बदललेला नसेल तरच मधुमेह किंवा रक्तदाब यांचा दावा मान्य होईल, असे कलम त्यात असते. प्रवासाच्या तोंडावर डॉक्टरांनी गोळी बदलली की संरक्षण संपते. औषध बदलल्यास विमा कंपनीला आधी विचारावे, आणि आजार लपवून हप्ता कमी करण्याचा मोह टाळावा.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नव्या ग्रीन कार्डधारकाला सलग ५ वर्षे राहिल्याशिवाय, हप्ता भरूनही, मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मिळत नाही, अर्थात जोडीदाराच्या कामाच्या नोंदीतून पात्रता आली असेल तर गोष्ट वेगळी. या ५ वर्षांचा खासगी विम्याचा खर्च सुरुवातीच्या हिशेबात हवा. ऑस्ट्रेलियाच्या ८७० व्हिसावरही खासगी विमा स्वतःच घ्यावा लागतो.

जन्मदाखल्यांचा घोळ

अमेरिकेच्या अर्जात आईवडिलांच्या जन्मदाखल्याची धावपळ आधी सुरू होते, पण आय-१३० साठी कळीचा कागद म्हणजे मुलाचा स्वतःचा, आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला. वडिलांसाठी त्याला विवाहाचा दाखलाही जोडावा लागतो. दाखल्यावर नाव नसून फक्त ‘मुलगा’ एवढीच नोंद असेल किंवा नोंद अनेक वर्षांनी केलेली असेल, तर तेवढ्याने भागत नाही. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा सरकारी दाखला आधी घ्यावा, मग शाळेचे जुने दाखले जोडावेत, आणि त्यानंतरच जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे द्यावीत. अनुपलब्धतेच्या दाखल्याविना नुसती प्रतिज्ञापत्रे पाठवली की अधिक पुराव्याची मागणी हमखास येते. आईचे माहेरचे आणि सासरचे नाव, तसेच नावांच्या स्पेलिंगमधले फरक, हे सगळे अर्जातल्या ‘इतर नावे’ या रकान्यात लिहावेत.

ग्रीन कार्ड घेऊन बहुतेक काळ बाहेर राहणे

वर्षातून एकदा येऊन गेले की कार्ड टिकते, हा समज फार पसरलेला आहे. अमेरिकेत एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास पुनःप्रवेशाचा परवाना लागतो आणि त्याचा अर्ज देशात असतानाच करावा लागतो. त्याहून कमी काळ बाहेर राहिले तरी खरे घर कुठे आहे, हे विमानतळावर विचारले जाऊ शकते. सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडते. कॅनडाच्या कायम रहिवाशाला ५ वर्षांत ७३० दिवस तिथे राहावे लागते, म्हणून ये-जा करणाऱ्यांना तो नियम जास्त मानवतो.

वडिलांचा जीव तिकडच्या घरात आणि मित्रांत असेल, तर त्यांना ग्रीन कार्डापेक्षा भेटीचा व्हिसाच बरा, हे अर्जाआधी त्यांना विचारले असते तर कळले असते. कार्ड आधीच मिळालेले असेल आणि ते इथे राहत नसतील, तर विमानतळावरच्या चौकशीची वाट पाहू नये. आय-४०७ भरून कार्ड स्वतःहून परत करता येते, आणि त्यानंतर भेटीच्या व्हिसासाठी अर्ज करताना ती नोंद मुलाखतीत सहसा त्यांच्या बाजूनेच बोलते.