फोनमधल्या मूळ सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी या चुका टाळा

फोनसोबत आलेलं सॉफ्टवेअर आपल्या गरजांच्या मागे पडतं, ही तक्रार खरी आहे. आयफोन २००७ मध्ये आला, पण त्यात मजकूर कॉपी-पेस्ट करायची सोय आली २००९ मध्ये. कॉल रेकॉर्डिंगसाठी तर आयफोनवाल्यांना आयओएस (आयफोनची मूळ यंत्रणा) १८.१ येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पर्यंत थांबावं लागलं. आयपॅडला स्वतःचा कॅल्क्युलेटर मिळाला तोही २०२४ मध्येच.

पण सॉफ्टवेअर नेमकं कुठे मागे आहे हे न बघता केलेले उपाय त्रास वाढवतात. मूळ सोय पुरेशी असते तिथे बाहेरचं अ‍ॅप येऊन बसतं, आणि मूळ सेटिंग खरोखर नडत असतं तिथे कोणी हात लावत नाही. पुढच्या बहुतेक चुका याच दोन प्रकारांतल्या आहेत.

मेसेज उशिरा येतात म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं

सर्वात जास्त डोकेदुखी याचीच, आणि इथे दोष बहुतेक वेळा अ‍ॅपचा नसतो. अँड्रॉइड ६.० पासून (२०१५) 'डोझ' नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि काही वेळ कोणी वापरला नसेल, तर अ‍ॅप्सचं नेटवर्क आणि पार्श्वभूमीतलं काम रोखलं जातं. मधूनमधून थोडा वेळ मोकळीक मिळते, तेवढ्यात साठलेली कामं उरकतात. तातडीचे म्हणून पाठवलेले मेसेज मात्र डोझमधूनही पोहोचतात. इथपर्यंत सगळं ठीक आहे.

अडचण पुढे येते. अनेक कंपन्या यावर स्वतःची आणखी कडक बॅटरीबचत लादतात. बॅटरी दिवसभर पुरली की फोन चांगला वाटतो, म्हणून मूळ सेटिंग बॅटरीच्या बाजूने झुकलेलं असतं. त्यात अलार्म, औषधाची आठवण, ऑफिसचा चॅट आणि घराच्या कॅमेऱ्याची सूचना बळी जातात. मूळ सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या गरजेला सर्वात कमी पडतं ते इथे, आणि कंपन्यांनी हे पहिल्यांदा सुधारायला हवं.

आधी खात्री करा. फोन चार्जरवरून काढा, स्क्रीन बंद करा आणि तासभर टेबलावर पडू द्या. अर्ध्या तासाने दुसऱ्या फोनवरून एक मेसेज पाठवा. तो लगेच वाजला नाही, पण तासाने लॉक उघडताच तो आणि साठलेल्या इतर सूचना एकदम धडकल्या, तर बॅटरीबचतच आडवी येते आहे. लॉक उघडूनही सूचना येत नसेल आणि अ‍ॅप उघडल्यावरच मेसेज दिसत असेल, तर एकतर नोटिफिकेशनची परवानगी नाही, नाहीतर फोनने ते अ‍ॅप पूर्ण थांबवलं आहे.

आता या क्रमाने बघा:

१. सेटिंग्ज → अ‍ॅप्स → ते अ‍ॅप → नोटिफिकेशन्स. अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला सूचना दाखवायची परवानगी मागावी लागते. घाईत 'डोन्ट अलाऊ' दाबलं गेलं असेल तर सूचना येणारच नाहीत. याच पानावर खाली अ‍ॅपचे सूचनांचे प्रकार वेगवेगळे दिसतात, त्यातला एखादा 'सायलेंट' झाला आहे का तेही पाहा.

२. त्याच अ‍ॅपच्या 'बॅटरी' पानावर 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनमध्ये यालाच 'नो रिस्ट्रिक्शन्स' म्हणतात.

३. 'ऑटोस्टार्ट' किंवा 'ऑटो लाँच' असं बटण असेल तर ते चालू करा. सॅमसंगमध्ये बॅटरी → बॅकग्राउंड युसेज लिमिट्स इथे 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीतून ते अ‍ॅप काढा आणि 'नेव्हर ऑटो स्लीपिंग अ‍ॅप्स'मध्ये घाला.

४. मोबाइल डेटाच्या पानावर 'बॅकग्राउंड डेटा' चालू आहे ना, ते बघा. वायफायवर सूचना येतात आणि बाहेर पडल्यावर बंद होतात, असं असेल तर कारण बहुधा हेच.

ही सवलत सगळ्या अ‍ॅप्सना देऊ नका. वेळेवर हवीच अशी चार-पाच निवडा, नाहीतर बॅटरी खरोखर उतरेल. मोठ्या अपडेटनंतर ही यादी पुन्हा तपासा, कारण काही फोनमध्ये ती मूळपदावर जाते. क्वचितच उघडायच्या, पण गरजेला चालायलाच हव्यात अशा अ‍ॅप्ससाठी आणखी एक बटण आहे. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढल्या जातात. अ‍ॅपच्या माहितीपानावर तळाशी न वापरलेल्या अ‍ॅपबद्दलचा पर्याय असतो, तो त्या अ‍ॅपपुरता बंद करा.

याच्याशी जोडलेली एक सवय म्हणजे 'रिसेंट्स'मधली (अलीकडे उघडलेल्या अ‍ॅप्सच्या यादीतली) सगळी अ‍ॅप्स सतत झाडून टाकणं. साध्या अँड्रॉइडमध्ये याने फक्त अ‍ॅप परत उघडायला जास्त वेळ लागतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मात्र असं सारलं की अ‍ॅप पूर्ण बंद पाडलं जातं, आणि 'फोर्स स्टॉप' (म्हणजे असं जबरदस्तीने बंद) झालेल्या अ‍ॅपला तुम्ही स्वतः उघडेपर्यंत मेसेज पोहोचतच नाही.

जुनी मदतनीस अ‍ॅप्स तशीच ठेवणं

अँड्रॉइडमध्ये टॉर्चचं बटण ५.० आवृत्तीत, २०१४ मध्ये आलं. त्याआधी लोक टॉर्चसाठी वेगळी अ‍ॅप्स घेत. त्यातलं कोट्यवधी वेळा डाउनलोड झालेलं एक अ‍ॅप वापरणाऱ्याचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये त्याच्या निर्मात्यावर कारवाई केली. दिवा लावायला ठिकाण कशाला लागतं, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांना पडला होता.

आज हीच गोष्ट स्क्रीन रेकॉर्डर (आयफोनमध्ये २०१७ पासून, अँड्रॉइडमध्ये ११ पासून), क्यूआर स्कॅनर आणि कागद स्कॅन करणाऱ्या अ‍ॅप्सना लागू होते. फोन बदलताना जुनी अ‍ॅप्स आपोआप नव्या फोनवर येतात आणि तिथेच राहतात. वर्षातून एकदा यादी उघडा आणि प्रत्येक मदतनीस अ‍ॅपमागे विचारा, की हे काम आता फोन स्वतः करतो का. करत असेल तर ते अ‍ॅप काढा.

'क्लीनर' आणि 'बूस्टर' अ‍ॅप्स तर कुठल्याच फोनला लागत नाहीत. रॅम भरलेली दिसते कारण अँड्रॉइड वापरलेली अ‍ॅप्स मुद्दाम तिथे ठेवतं, म्हणजे ती पटकन उघडतात. गरज पडली की ते स्वतः जागा करतं. क्लीनर ती रॅम रिकामी करतो, मग अ‍ॅप पुन्हा शून्यातून उघडावं लागतं, आणि त्यात प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही जास्त खर्च होतात.

फक्त अँड्रॉइडचा आकडा बघणं

फोन अद्ययावत आहे का हे ठरवायला तीन वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात: अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा पॅचची (सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटची) तारीख आणि गूगल प्ले सिस्टीम अपडेटची तारीख. पहिल्या दोन सेटिंग्ज → अबाउट फोन → अँड्रॉइड व्हर्जन किंवा सॉफ्टवेअर इन्फर्मेशन इथे मिळतात. तिसरी सापडली नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'प्ले सिस्टीम' शोधा.

आवृत्ती जुनी पण पॅच अलीकडचा, असा फोन निर्धास्त वापरता येतो. आवृत्ती नवी पण पॅच वर्षभर जुना, अशा फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. प्ले सिस्टीम अपडेट ही २०१९ मध्ये अँड्रॉइड १० सोबत आलेली सोय. तिच्यामुळे यंत्रणेचे काही भाग फोन कंपनीची वाट न बघता थेट गूगलकडून दुरुस्त होतात. हे अपडेट बऱ्याचदा डाउनलोड होऊन फोन रीस्टार्ट व्हायची वाट बघत पडून असतं. महिन्यातून एकदा फोन रीस्टार्ट करा.

अपडेटची मुदत मोजतानाही घोळ होतो. गूगलने पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून (जानेवारी २०२४) ७ वर्षांचं आश्वासन दिलं आहे. पण ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलं तर हातात ५ वर्षं उरतात.

अपडेट आलं म्हणजे नवी सोय आली, असंही नाही. आयफोन १५ ला आयओएस १८ मिळालं, पण अ‍ॅपल इंटेलिजन्स (अ‍ॅपलच्या एआय सोयी) फक्त १५ प्रो आणि त्यापुढच्या मॉडेलना. जाहिरातीतल्या सोयीसाठी अपडेटची वाट बघत असाल, तर त्या सोयीखाली दिलेली मॉडेलची यादी आधी वाचा.

अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी फॅक्टरी रिसेट

मोठ्या अपडेटनंतर फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. फोन अ‍ॅप्सची नव्या यंत्रणेसाठी पुन्हा जुळणी करत असतो, गॅलरी फोटोंची यादी नव्याने बांधते. दोन दिवस जाऊ द्या आणि रात्री फोन चार्जिंगला, वायफायवर ठेवा. तरीही फरक नसेल तर सेटिंग्ज → बॅटरीमध्ये सर्वात वर कोणतं अ‍ॅप आहे ते बघा आणि त्याची 'कॅशे' (तात्पुरत्या फाइल्स) साफ करा. 'क्लिअर डेटा' दाबू नका, त्याने लॉगिन आणि अ‍ॅपमध्ये साठवलेलं सगळं जातं.

दोष कोणाचा हे ठरवायला सेफ मोडसारखी दुसरी चाचणी नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेन्यूतल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की सेफ मोडचा पर्याय येतो. त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स बंद राहतात, मूळ सॉफ्टवेअर तेवढं चालतं. एक-दोन तास वापरा. फोन सुरळीत चालला तर गुन्हेगार तुमच्या अ‍ॅप्सपैकी आहे, अलीकडची एकेक काढत जा. तिथेही अडखळला तर मूळ सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर दोषी, आणि मग सर्व्हिस सेंटरला जाणं योग्य.

स्टोरेज गच्च भरलेलं असताना अपडेट करू नका, १० जीबी तरी मोकळी ठेवा. आणि 'आवडलं नाही तर जुन्यावर परत जाऊ' हे गृहीत धरू नका. अनेक फोन जुनी आवृत्ती टाकूच देत नाहीत, आणि त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूपबंद ठेवलेला प्रोग्राम) उघडला तर सगळा डेटा पुसला जातो.

नको असलेली मूळ अ‍ॅप्स सरसकट उडवणं

अनइन्स्टॉलचा पर्याय असेल तर तो वापरा, नसेल तर 'डिसेबल' पुरेसं आहे. संगणक जोडून आज्ञा देऊन सिस्टीम पॅकेज काढणाऱ्यांचा फोन कधीकधी लोगोवरच अडकतो, कारण नावावरून निरुपयोगी वाटलेलं पॅकेज सेटिंग्ज किंवा कॉलिंगला लागत असतं. 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' हे असंच एक नाव. ते अ‍ॅप्सच्या आतली वेबपानं दाखवतं. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर असंख्य अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. लोक अ‍ॅप्स काढून पुन्हा टाकत राहिले, उपाय मात्र वेबव्ह्यूचं अपडेट काढणं हा होता. अनेक असंबंधित अ‍ॅप्स एकाच दिवशी कोसळू लागली, तर आधी अशा सामायिक भागाकडे बघा.

नंबर आणि नोंदी कंपनीच्याच अ‍ॅपमध्ये अडकवणं

कंपनीची नोट्स, गॅलरी आणि रेकॉर्डर अ‍ॅप्स चांगली असतात, पण त्यांचा बॅकअप बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या खात्यात जातो. ब्रँड बदलला की अडचण येते. संपर्क साठवताना 'फोन' किंवा 'डिव्हाइस' निवडलेलं असेल तर ते गूगल खात्यात हलवा, किंवा कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमधून व्हीसीएफ फाइल (सगळे संपर्क एकत्र साठवणारी फाइल) काढून ठेवा. महत्त्वाच्या नोट्स पीडीएफ किंवा साध्या मजकुरात काढा. रेकॉर्डिंगचं फोल्डर हाताने संगणकावर उतरवा, कारण फोन बदलणारी अ‍ॅप्स ते हमखास नेतील असं नाही. जुना फोन पुसण्याआधी नव्या फोनवर पाच-दहा नंबर, दोन जुन्या नोट्स आणि एक रेकॉर्डिंग प्रत्यक्ष उघडून बघा, आणि त्यानंतरही जुना फोन आठवडाभर तसाच राहू द्या.