गिझर-सोलरच्या कारागिरांनी हीट पंपाचे काम शिकताना

गिझर, सोलर आणि लॉजचे बॉयलर बसवण्यात वर्षे घालवलेल्या नाशिकच्या कारागिराला हीट पंपाकडे वळताना नळजोडणी पुन्हा शिकावी लागत नाही, हिशेब मात्र नव्याने शिकावा लागतो. गिझर विजेपासून उष्णता तयार करतो. हीट पंप हवेतील उष्णता उचलून पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण 3 ते 4 युनिट उष्णता मिळते, पण ती सावकाश मिळते.

पंचवटीतल्या लॉजचे उदाहरण घ्या. दर्शनाला निघालेले भाविक पहाटे चार ते सहा या वेळात एकदमच आंघोळी उरकतात. मालकाला लिटर विचारण्यापेक्षा बादल्या विचाराव्यात, उत्तर खरे मिळते. 300 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांवर नेण्यास सुमारे 12.2 युनिट उष्णता लागते. 3.5 किलोवॅट उष्णता देणाऱ्या यंत्राला त्यासाठी साडेतीन तास हवेत. म्हणून यंत्र मोठे घेण्याआधी टाकी मोठी घ्यावी. हिवाळ्यात पहाटे पारा 10 अंशांच्या खाली गेला, की यंत्राची क्षमता आणि बचत दोन्ही घटतात. तेव्हा माहितीपत्रकातील ठळक आकड्यावर न जाता कमी तापमानाचा तक्ता पाहावा आणि टायमर दुपारच्या उबदार हवेवर लावावा. चांगल्या इन्सुलेशनची टाकी पहाटेपर्यंत पाणी गरम ठेवते. थर्मोस्टॅट 70 अंशांवर नेण्याची बॉयलरवाल्यांची सवय येथे महागात पडते. रोजच्या वापराला 50 ते 55 पुरते, कोमट पाण्यात वाढणाऱ्या लीजिओनेला जंतूंसाठी आठवड्यातून एकदा 60 अंशांवर न्यावे.

रेफ्रिजरंटचे, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता वाहणाऱ्या गॅसचे काम येत नसेल तर सुरुवात मोनोब्लॉकने, म्हणजे एकाच पेटीतल्या यंत्राने करावी, कारण त्यातील रेफ्रिजरंट कारखान्यातच भरून बंद केलेले असते. स्प्लिटमध्ये दोन भाग गॅसच्या पाइपांनी जागेवरच जोडावे लागतात. त्यासाठी आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड चालत्या धंद्यात जमत नसल्यास एसीच्या अनुभवी मिस्त्रीबरोबर एक उन्हाळा काढावा. फ्लेअर केलेल्या, म्हणजे नटात बसण्यासाठी फुलवलेल्या पाइपाच्या कडेवर बारीक चीर राहिली, तर नट कितीही आवळला तरी साबणाच्या पाण्याचा बुडबुडा फुगतोच. तो भाग कापून नव्याने फ्लेअर करावा. दाबचाचणी रेग्युलेटर लावून कोरड्या नायट्रोजननेच घ्यावी, ऑक्सिजनने कधीही नाही, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो. मग व्हॅक्यूम पंपाने पाइपातली हवा ओढून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे उरलेल्या दाबाचे माप) नेऊन पंप बंद करावा आणि दहा-पंधरा मिनिटे मीटरकडे पाहत बसावे. आकडा थोडा वाढून थांबला तर पाइपात ओल आहे, चढतच राहिला तर गळती आहे. आर-290, म्हणजे प्रोपेन असलेल्या यंत्राजवळ ब्लो-लॅम्प पेटवू नये.

जागेची चूक सर्वांत जास्त होते. फ्लॅटच्या बंद डक्टमध्ये यंत्र बसवले, की त्याने बाहेर टाकलेली थंड हवा तेच पुन्हा ओढते आणि तक्रार मात्र यंत्राची होते. गच्ची बरी, तेथे कंडेन्सेटच्या, म्हणजे हवेतील ओल यंत्रावर जमून गळणाऱ्या पाण्याला उतार द्यावा आणि वीज स्वतंत्र एमसीबी, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) व अर्थिंगसह घ्यावी. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कॉक बसवू नये. बोअरचे जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार साचतो. आधी सॉफ्टनर सुचवावा.

शेवटी यंत्र अर्धा तास चालवून आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान, हवेचे तापमान आणि अँपिअर पॅनेलच्या आत लिहून ठेवावेत. पुढच्या सर्व्हिसला आलेला माणूस सर्वांत आधी तेच वाचणार आहे.