स्टार्टरची कॉइल पुन्हा पुन्हा जळतेय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात जळकी कॉइल हातात घेतलेला शेतकरी हमखास दिसतो. "भाऊ, हल्ली कॉइलीच बोगस येतात." नवी घेतो, बसवतो आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. कॉइल बहुतेक वेळा चांगलीच असते. तिला जाळणारं कारण स्टार्टरच्या पेटीत तसंच बसून राहतं.

स्टार्टरमध्ये मोटरची लाईन जोडणारा-तोडणारा भाग म्हणजे कॉन्टॅक्टर, आणि तो विद्युतचुंबकावर चालतो. पत्र्याच्या पट्ट्या रचून केलेला कोअर, त्याच्या मधल्या पायावर कॉइल आणि समोर स्प्रिंगवर सरकणारा कोअरचा दुसरा अर्धा भाग. एसी कॉइल किती करंट घेणार हे या दोन भागांतल्या फटीवर ठरतं. फट उघडी असताना कॉइल जो करंट ओढते, तो कोअर बंद झाल्यानंतरच्या करंटच्या सहा ते दहा पट असतो. कोअर खटकन बंद झाला तर हा जादा करंट क्षणभराचा. कोअर अर्धवट अडकला तर तोच करंट चालू राहतो आणि काही मिनिटांत कॉइलचा वास यायला लागतो. म्हणून कॉइल जळाली की पहिला प्रश्न एकच: कोअर पूर्ण मिटत होता का?

कोअर न बघता कॉइल बदलणं

यावल तालुक्यातल्या एका बागेत पाणबुडी मोटरच्या स्टार्टरमध्ये पाठोपाठ कॉइली गेल्या. कंपनी बदलून झाली, वायरमन बदलून झाला. शेवटी कॉन्टॅक्टर पूर्ण खोलला तेव्हा कोअरच्या एका पायावर कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडलं, वाटाण्याएवढं आणि दाबून दगडासारखं झालेलं. त्यामुळे कोअर जेमतेम दोन मिलिमीटर उघडा राहत होता. मोटर सुरू व्हायची, कारण मोटरची लाईन जोडणारे पॉइंट स्प्रिंगवर असल्यामुळे आधीच टेकायचे. कोअर मात्र मिटत नव्हता आणि कॉइल भाजत होती. दर वेळी फक्त कॉइल उपसून नवी घातली गेली. कोअरची तोंडं कुणीही उजेडात धरून बघितली नव्हती.

मातीच्या जागी पाल असते, मुंग्या असतात, जिनिंगच्या आसपास कापसाचा पिंजर असतो. पेटीला वायरसाठी पाडलेली भोकं उघडी ठेवली की हे सगळं आत येणारच. वायरीभोवती भोक घट्ट बंद करणारी ग्लँड बसवा, निदान एम-सील तरी भरा.

खोलण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूजच्या ग्रिपा काढून खिशात ठेवा आणि टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटरने तिन्ही फेज शून्य दाखवत आहेत याची खात्री करा. मग कोअरची तोंडं कोरड्या सुती कापडाने पुसा. ग्रीस, ऑइल काही लावायचं नाही, धुळीत ते चिकट होतं आणि कोअर सुटायला वेळ लावतो. तोंडांवर कानस तर मुळीच नको. मधला पाय मुद्दाम किंचित आखूड ठेवलेला असतो. लाईट गेल्यावर उरलेल्या चुंबकत्वाने कोअर चिकटून राहू नये म्हणून ती बारीक फट असते. बाहेरचे पाय घासले की ती फट संपते.

तोंडावर तांब्याची एक चपटी कडी बसवलेली दिसेल, ती शेडिंग रिंग. ५० हर्ट्झच्या लाईटमध्ये चुंबकाचा जोर सेकंदाला शंभर वेळा शून्याला येतो. ही कडी कोअरच्या एका भागातला जोर थोडा उशिरा पोचवते, त्यामुळे एकूण पकड कधीच शून्य होत नाही. कडी तडकली की कॉन्टॅक्टर थरथरतो, मोठ्याने गुणगुणतो, पॉइंट झिजतात. तडकलेली कडी डाग देऊन पुढे ढकलू नका, कोअरच बदला.

स्टार्टर बांधून ठेवणं

याबद्दल कितीही सांगितलं तरी कमीच. कॉन्टॅक्टर पकडत नाही म्हणून त्याच्या पट्टीत काडी खोचतात, सुतळीने बांधतात, ट्यूबचा रबर गुंडाळतात. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, रात्री शेतात जायला नको. सोय म्हणून हे केलं जातं, पण त्यात संरक्षणच निघून जातं.

मोटर जास्त करंट ओढू लागली की पडणारा ओव्हरलोड रिले मोटरची वायर स्वतः तोडत नाही. तो फक्त कॉइलची लाईन तोडतो. कॉइल सुटते, कोअर सुटतो, तेव्हा मोटर बंद होते. कोअर काडीने दाबून धरलेला असेल तर रिले पडला तरी मोटर चालूच राहते. एक फेज उडाली तर उरलेल्या दोन फेजवर मोटर घरघरत राहते आणि वाइंडिंग जळतं. विहिरीत कुणी फूटव्हॉल्व्ह काढायला उतरलेलं असताना लाईट आली तर काय होईल, याचा विचार काडी खोचणाऱ्याने करावा.

ऑटो हवंच असेल तर लाईट आल्यावर मोटर सुरू करणारा ऑटो स्विच बसवा, सोबत एक फेज उडाली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा. आणि ऑटो स्विचचा टाइमर शेजाऱ्यांपेक्षा वेगळा ठेवा. एका डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे ऑटो एकाच सेकंदाला सुटले की प्रत्येक मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि कुणाचाच कोअर मिटत नाही. सगळ्यांनी मिळून कुणाचा ऑटो किती सेकंदांनी सुटणार ते ठरवून घ्यावं, भांडण आणि कॉइल दोन्ही वाचतात.

व्होल्टेजचा हिशोब साधा आहे. कॉन्टॅक्टरने ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत पकडलं पाहिजे, म्हणजे ४१५ व्होल्टच्या कॉइलसाठी साधारण ३५३ व्होल्ट. कोअर ओढण्याचा जोर, म्हणजे ओढ, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. लाईनच्या टोकाला ३३० व्होल्ट मिळत असतील तर ओढ जेमतेम ६३ टक्के राहते. अशा वेळी बटण दाबत बसणं म्हणजे कॉइल भाजणं. मीटर लावून बघा, व्होल्टेज नसेल तर थांबा. घाईने पाणी मिळत नाही.

बाकीच्या चुका

२४० व्होल्टची कॉइल दोन फेजमध्ये जोडणं: लगेच जाते. ४१५ ची कॉइल फेज-न्यूट्रलवर जोडली तर ओढ एक तृतीयांश राहते आणि मग कुणीतरी काडी शोधायला लागतो. कॉइलवरचा छापा पुसला असेल तर ओहम मोजा. त्याच कॉन्टॅक्टरची ४१५ ची कॉइल २४० च्या साधारण तिप्पट रेझिस्टन्स दाखवते.

कॉइल भरून घेताना कमी वेढे देणं. वेढे कमी म्हणजे करंट जास्त आणि कोअर गरम. चार पैसे वाचवण्यासारखी ही जागा नाही, नवीच घ्या.

चांदीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासणं. काळे पडलेले पॉइंट चालतात. खड्डे पडलेले असतील तर संच बदला.

पत्र्याची पेटी मे महिन्याच्या उन्हात उघडी टांगणं. जळगाव-भुसावळला हवाच ४५ अंशांवर जाते, पेटीच्या आत त्याहून जास्त. वर छप्पर करा आणि पेटीचं तोंड उत्तरेला ठेवा.

सैल स्क्रू. एक खराब जोड काय करतो ते बघा. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या अणुकण आदळवणाऱ्या महाकाय यंत्रामध्ये १,२३२ मुख्य द्विध्रुव विद्युतचुंबक उणे २७१ अंशांवर थंड ठेवून चालवतात. १९ सप्टेंबर २००८ रोजी दोन चुंबकांमधला एक सदोष जोड तापला, ठिणगी पडली, थंड ठेवणाऱ्या हेलियमचं आवरण फुटून तो बाहेर आला. पन्नासहून अधिक चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र नोव्हेंबर २००९ मध्ये पुन्हा चालू झालं. एवढ्या काटेकोर कामात एका जोडाने हे होतं, तर आपल्या स्टार्टरमध्ये पिळ्या मारून खोचलेल्या अॅल्युमिनियमच्या वायरीचं काय होणार? वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबा, स्क्रू घट्ट करा आणि दोन दिवस मोटर चालवल्यावर लाईट बंद करून पुन्हा एकदा आवळा. टोक काळं पडलं असेल तर चकचकीत धातू दिसेपर्यंत कापा, मगच नवा लग लावा.