ड्रिल बिटची किंमत नव्हे, एका भोकाचा खर्च मोजा

इंदूरच्या सियागंजात ६ मिलिमीटरचा बिट मागितला की दुकानदार काउंटरवर चार-पाच प्रकार मांडतो: काळा, पांढरा चकचकीत, सोनेरी आणि तपकिरी झाक असलेला कोबाल्टचा. भावात दुप्पट-तिप्पट फरक असतो आणि प्रत्येकाबद्दल ‘हा जास्त टिकतो’ हेच ऐकायला मिळतं. सांवेर रोडवर ग्रिल-शेडचं काम करणाऱ्याला आणि फार्मा किंवा नमकीनच्या मशिनरीसाठी स्टेनलेसचं काम करणाऱ्याला एकच बिट परवडेल असं नाही. तुमच्या मालावर, तुमच्या मशिनवर एक भोक केवढ्याला पडतं ते मोजता येतं, आणि त्याला एक दुपार पुरते.

आधी बिट खरा आहे का ते पाहा

एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील. त्यातला सर्वांत चालणारा प्रकार एम २: साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम. या मिश्रणामुळे बिट ६०० अंश सेल्सियसच्या आसपासपर्यंत तापला तरी कडकपणा टिकवून धरतो. साधं कार्बन स्टील अडीचशे अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं. स्वस्त सेटमध्ये ‘एचएसएस’ छापून कार्बन स्टील विकलं जातं, आणि टिकाऊपणाची बहुतेक रड तिथूनच सुरू होते.

ओळखण्याची सोपी रीत म्हणजे ग्राइंडरवरची ठिणगी. बिटचं टोक चाकाला हलकेच लावा. कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, लांब आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. एचएसएसच्या मंद, लालसर-नारिंगी, जवळजवळ न फुटणाऱ्या. ही पारख टोकावरच करा, शँकवर (मशिनमध्ये बसणाऱ्या मागच्या दांड्यावर) नको. मोठ्या मापाच्या बिटांना शँक वेगळ्या पोलादाचा जोडलेला असू शकतो.

सोनेरी रंगावरून काहीच ठरत नाही. खरा टायटॅनियम नायट्राइडचा थर जेमतेम दोन-चार मायक्रॉन जाडीचा, पण फार कठीण असतो. साध्या चाकूच्या टोकानं तो निघत नाही. नुसता रंग असेल तर लगेच ओरखडतो. कोबाल्टचंही तसंच: झाकेवर न जाता शँकवर एम ३५ (५ टक्के कोबाल्ट) किंवा एम ४२ (८ टक्के) लिहिलंय का ते वाचा. ‘एचएसएस-जी’ म्हणजे घासून बनवलेला आणि ‘एचएसएस-आर’ म्हणजे लाटून बनवलेला. लाटलेला मापाला कमी नेमका, पण थोडा लवचीक. हातमशिनवर तिरका दाब पडला तर तो जास्त सहन करतो.

मिरांडा, ॲडिसन, आयटीएम, बॉश यांपैकी कोणताही घ्या, पण तुलनेसाठी व्यास आणि लांबी एकच ठेवा. डीआयएन ३३८ (जर्मन मानक) या नेहमीच्या, मध्यम लांबीच्या जॉबर मालिकेत ६ मिलिमीटरच्या बिटची एकूण लांबी ९३ आणि नळीची, म्हणजे कीस बाहेर काढणाऱ्या पिळाच्या खाचेची, लांबी ५७ मिलिमीटर असते. आखूड बिट कमी लवचतो, म्हणून जास्त टिकतो. आखूड विरुद्ध लांब अशी तुलना निरुपयोगी. शक्यतो प्रत्येक प्रकारचे तीन-तीन बिट घ्या. एकाच बिटवर निकाल लावला तर डब्यातला एक खराब नग पूर्ण ब्रँड बदनाम करतो.

चाचणीची मांडणी

हातमशिन इथे चालत नाही. माणूस दमतो, दाब बदलतो आणि नंतरचा बिट विनाकारण मार खातो. बेंच ड्रिल किंवा पिलर ड्रिल घ्या.

माल म्हणून आयएस २०६२ (बांधकामाच्या पोलादाचं भारतीय मानक) प्रतीची, ६ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर रुंद पट्टी आणा. भंगारातून पुन्हा लाटलेल्या पट्टीत मधेच कडक जागा लागतात आणि त्या ज्या बिटच्या वाट्याला येतील तो हरतो. वरची काळी खपली ग्राइंडरनं काढा. ती धार खाते. गॅसनं कापलेली कड आणि कातरलेलं टोक कडक झालेलं असतं, तिथे भोक पाडू नका. १२ मिलिमीटर अंतरानं चार ओळी आखल्या तर ३०० मिलिमीटरच्या तुकड्यात ९६ भोकं बसतात. एक तुकडा एका बिटला असं न करता ओळी आलटून-पालटून वाटा, म्हणजे मालातला फरक सगळ्यांना सारखा लागेल. प्रत्येक जागी सेंटर पंच मारा.

वेग हिशोबानं ठरवा. आरपीएम म्हणजे १००० गुणिले कापण्याचा वेग (मीटर प्रति मिनिट), भागिले ३.१४ गुणिले व्यास. माइल्ड स्टीलला एचएसएस बिटसाठी मिनिटाला २५ मीटर धरा: ६ मिलिमीटरला सुमारे १३२५ आरपीएम, १० मिलिमीटरला सुमारे ८००. स्टेनलेसला १० मीटर धरा, म्हणजे ६ मिलिमीटरला सव्वापाचशेच्या जवळपास. ॲल्युमिनियमला ६० मीटर चालतं, त्यामुळे तोच बिट ३२०० आरपीएमला फिरवता येतो. पुलीच्या पायऱ्यांत नेमका आकडा मिळणार नाही. जवळचा खालचा घ्या.

दाब सारखा ठेवणं हा या चाचणीचा गाभा आहे. बेंच ड्रिलच्या फीड-दांड्याच्या टोकाला दोरीनं पाण्याचा कॅन टांगा. ४ लिटर पाण्यापासून सुरुवात करा, म्हणजे ४ किलो. कीस अखंड वळत निघेपर्यंत पाणी वाढवा आणि मग शेवटच्या बिटपर्यंत पाण्याला हात लावू नका. दांडा आडव्यापेक्षा थोडा वर असताना बिट मालाला टेकला पाहिजे आणि भोक संपताना थोडा खाली आला पाहिजे. दांडा फार तिरका झाला की तेवढ्याच वजनाचा जोर कमी पडतो. डेप्थ स्टॉप, म्हणजे बिट ठरावीक खोलीवर थांबवणारी अडवण, लावायला विसरू नका. आरपार होताना बिट एकदम खाली झेपावतो, धार अडकते आणि बहुतेक बिट याच क्षणी तुटतात. पट्टी क्लॅम्पमध्ये घट्ट हवी, हातात कधीच धरू नका. हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, ते गुंडाळले जातात. चष्मा मात्र हवाच.

कुलंट म्हणून पाण्यात मिसळणारं सोल्युबल ऑइल १ भागाला २० भाग पाणी या प्रमाणात, प्रत्येक भोकाला सारखं. कोरडी चाचणीही करता येते, पण मग सगळीच कोरडी करा.

बिट चकमध्ये (मशिनच्या पकडीत) बसवल्यावर चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळा. एकाच भोकात आवळला तर बिट किंचित तिरका बसतो आणि शँक घसरून खरचटतो. मशीन सुरू केल्यावर टोक डोलताना दिसलं तर आधी चक तपासा, मग काचेवर बिट लोळवून तो सरळ आहे का ते पाहा.

काय नोंदवायचं

पहिल्या भोकाचा वेळ आणि त्यानंतर दर दहाव्या भोकाचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. पहिल्या आणि पन्नासाव्या भोकाचं माप वर्नियरनं घ्या. दोन धारा असमान घासलेल्या असतील तर भोक मोठं होतं आणि कीस एकाच नळीतून निघतो; असा बिट नवा असला तरी वेगळा काढा, कारण एकच धार सगळं काम करते आणि लवकर संपते.

बिट संपला कधी म्हणायचा? पहिल्या भोकापेक्षा दुप्पट वेळ लागला, किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला, किंवा पलीकडे जाड बर (भोकाच्या कडेची खरबरीत किनार) उभी राहू लागली की थांबा. त्यापुढे रेटलं तर बाहेरचा कोपरा जळतो आणि पुन्हा धार लावताना दीड-दोन मिलिमीटर जास्त घासावे लागतात. वेळेत थांबलेला बिट अर्ध्या मिलिमीटरमध्ये पुन्हा उभा राहतो.

थांबल्यावर टोक भिंगाखाली पाहा. बाहेरचे कोपरे गोल आणि निळे झाले असतील तर वेग जास्त होता. तिथेच पृष्ठवेग सर्वांत जास्त असतो, म्हणून पहिला घाव तिथेच बसतो. धारेचे टवके उडाले असतील तर दाब जास्त किंवा धारेमागचा उतार जास्त. बिट मधोमध उभा चिरला असेल तर उतार कमी असताना जबरदस्तीनं दाबलाय. कोपरे शाबूत पण मधली छिन्नी-धार घासलेली असेल तर १० मिलिमीटरच्या वरच्या भोकांना आधी ३ किंवा ४ मिलिमीटरचं भोक पाडत चला.

हिशोब

पुढचे आकडे फक्त रीत समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे टाका. साधा बिट ५० रुपयांचा, एका धारेत ६० भोकं, एका भोकाला ८ सेकंद. सोनेरी थराचा १५० रुपयांचा, नव्या धारेत १८० भोकं, ७ सेकंद. कारागिराचा तास १०० रुपये, म्हणजे सेकंदाला पावणेतीन पैसे.

धार न लावता फेकून दिले तर साधा बिट भोकाला ८३ पैसे अधिक वेळेचे २२, म्हणजे १ रुपया ५ पैसे. सोनेरी ८३ अधिक १९, म्हणजे १ रुपया २ पैसे. सोनेरी किंचित पुढे.

आता दोघांना सहा-सहा वेळा धार लावा, प्रत्येक वेळी ३ मिनिटं, म्हणजे ५ रुपये. साध्याची भोकं ४२० होतात आणि खर्च ८० रुपये. वेळेसकट भोकाला सुमारे ४१ पैसे. सोनेरीला पहिली धार लावली की टोकावरचा थर जातो, पुढच्या प्रत्येक धारेत तो साध्याइतकाच चालतो असं धरा. एकूण ५४० भोकं, १८० रुपये, वेळेसकट सुमारे ५५ पैसे. साधा बिट सरळ पुढे जातो. म्हणून माइल्ड स्टीलचं काम असेल आणि धार लावणारा हात घरात असेल, तर चांगल्या कंपनीचा साधा, घासून बनवलेला एम २ घ्या. थरासाठी पैसे तिथेच द्या जिथे बिट बदलायला मशीन थांबवणं महाग पडतं, पीथमपूरच्या कारखान्यांतल्या सलग उत्पादनासारखं.

धार ११८ अंशांची, म्हणजे प्रत्येक बाजू ५९ अंश. दोन षट्कोनी नट एकमेकांना चिकटवून ठेवले की त्यांच्यामध्ये १२० अंशांची खाच तयार होते. टोक त्यात बसलं की कोन बरोबर. धारेमागचा उतार ८ ते १२ अंश आणि दोन्ही धारांची लांबी सारखी. घासताना बिट फार तापू देऊ नका. लालबुंद झालेला एचएसएस पाण्यात बुडवला तर बारीक चिरा पडतात आणि पुढच्या कामात त्याचे टवके उडतात.

स्टेनलेसची गोष्ट वेगळी

३०४ या नेहमीच्या प्रतीचं स्टेनलेस घासल्यावर कडक होतं. बिट एका जागी नुसता फिरत राहिला की पृष्ठभाग इतका कडक होतो की पुढचा नवा बिटही तिथे हरतो. म्हणून कमी आरपीएम, ठाम दाब, भरपूर तेल आणि मधे न थांबणं. इथे एम ३५ कोबाल्ट आणि १३५ अंशांचं स्प्लिट पॉइंट (मधली छिन्नी-धार घासून दुभागलेलं) टोक दिलेल्या पैशांचं चीज करतं. टोक सरकत नाही, लगेच कापायला लागतं. पण कोबाल्ट ठिसूळ असतो. शिडीवर उभं राहून हातमशिननं काम करायचं असेल तर आखूड बिट घ्या, नाहीतर तिरक्या दाबानं सरळ तुटेल.

भिंत आणि काँक्रीट

माळव्याचं पठार बेसाल्टचं, त्यामुळे इंदूरच्या काँक्रीटमधली गिट्टीही काळ्या दगडाची. ती कठीण असते, पण तिच्यात वाळूसारखे गारगोटीचे कण नसतात. बिटचं कार्बाइड घासण्यापेक्षा टवके उडून जास्त जातं. ग्वाल्हेरच्या वालुकाश्मात उलट: दगड फोडायला सोपा, पण त्यातली सिलिका बिटची रुंदी खात जाते. ग्वाल्हेरच्या पाहुण्यांनी छान म्हटलेला बिट इथे तसाच चालेल असं नाही.

तुलनेसाठी एकाच स्लॅबमध्ये ८ मिलिमीटरची, ५० मिलिमीटर खोल भोकं पाडा. सरिया लागला तर ते भोक मोजू नका आणि बिट लगेच बाहेर काढा. दर दहा भोकांनंतर टोकाच्या कार्बाइडची रुंदी वर्नियरनं घ्या. नवा ८ चा बिट ८ पेक्षा थोडा जास्त भरतो. ८ च्या खाली आला की अँकर बसत नाही, मग धार कितीही दिसो. गरम बिट पाण्यात बुडवू नका, कार्बाइड तडकतं. रोज काँक्रीटचं काम असेल तर साध्या हॅमर ड्रिलवर महाग बिट शोधत बसण्यापेक्षा एसडीएस प्लसची (खाचा असलेल्या शँकचे बिट घेणारी) रोटरी हॅमर घ्या. वेगातला सर्वांत मोठा फरक बिटमधून नव्हे, मशीनच्या ठोक्यातून येतो. रामबागेतल्या जुन्या घरांसारख्या विटा-चुन्याच्या भिंतीत ठोका बंद ठेवा, नाहीतर ८ चं भोक १२ चं होतं.

व्हिट्रिफाइड टाइलवर ठोका कधीच नको. पोकळ डायमंड बिट, पाण्याची धार. सुरुवात तिरकी करून खाच पडली की हळूहळू सरळ करा. टाइल पार झाली की डायमंड काढा आणि मागच्या भिंतीसाठी साधा मेसनरी बिट लावा. डायमंड भिंतीत घातला तर दहा टाइलचं आयुष्य एका भोकात जातं.

सागवानासाठी मधे टोक असलेला ब्रॅड पॉइंट बिट घ्या. सागवानात सिलिका असते, म्हणून धार अपेक्षेपेक्षा लवकर जाते; प्लायमधल्या गोंदानंही तेच होतं. लोखंडाचे आणि लाकडाचे बिट वेगळ्या डब्यांत ठेवा आणि प्रत्येक डब्यावर खरेदीचा महिना व किंमत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी सियागंजात जाताना हिशोबाचा पहिला आकडा हाताशी असेल.