ऑफिसचा पीसी एक, माणसं अनेक - माझा अनुभव
अंबड एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस, पीसी एकच आणि लॉगिनपण एकच, त्यामुळे अकाउंटवाल्या ताईंची पगाराची शीट डिस्पॅचची पोरं आरामात बघायची आणि कुणाचं तरी व्हॉट्सॲप वेब कायम उघडंच. मग विंडोजच्या सेटिंग्जमधे अकाउंट्स, अदर यूजर्समधे जाऊन प्रत्येकाचं वेगळं स्टँडर्ड अकाउंट काढलं, ॲडमिनचा पासवर्ड फक्त शेठकडे. सॉफ्टवेअर टाकायचं तर आता शेठला शोधा, कटकट आहे थोडी पण चालतंय.

खरी गंमत डी ड्राइव्हची. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स ज्याचं त्यालाच दिसतं पण डी ड्राइव्हवरचं फोल्डर सगळ्यांनाच उघडतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. तिथे ताईंच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, आधी इनहेरिटन्स (म्हणजे ड्राइव्हकडून फोल्डरला आपोआप येणाऱ्या परवानग्या) डिसेबल करून कन्व्हर्टवालं ऑप्शन घेतलं, म्हणजे त्या परवानग्या तशाच राहतात पण आपल्याला बदलता येतात, मग यूजर्स आणि ऑथेंटिकेटेड यूजर्स (म्हणजे पीसीवर लॉगिन करणारे सगळेच) दोन्ही काढून ताईंचं अकाउंट ॲड केलं. ॲडमिन तरीपण घुसू शकतोच, म्हणून एक्सेल फाइललाच पासवर्ड टाकला. आणि हो, क्रोममधे नुसती वेगळी प्रोफाइल काढून भागत नाही, तिला कुलूप नसतं, कुणीही क्लिक करून आत. उठताना विंडोज की आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत, मग स्क्रीन सेव्हर ५ मिनिटांवर ठेवून परत आल्यावर लॉगिन मागेल असं करून टाकलं.