‘घरी परत या’ हे सांगायला शिकताना

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात जनजागृतीच्या कामाला लागले, तेव्हा पहिलेच काम मिळाले ते पत्रक लिहिण्याचे. दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र पथकात, गेलेल्या तरुणांनी शस्त्रे खाली ठेवून परतावे, हा त्याचा हेतू होता. ‘आत्मसमर्पण करून विकासाच्या मुख्य प्रवाहात सामील व्हा,’ असे मी लिहिले. एका घराच्या अंगणात दुभाष्याने ते माडिया या स्थानिक आदिवासी बोलीत सांगितले, तेव्हा वाळत घातलेली मोहफुले परतवणाऱ्या आजींनी हात थांबवून विचारले, ‘म्हणजे पोरगा घरी येईल की तुरुंगात जाईल?’ माझ्या मसुद्यात याचे उत्तर नव्हते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना मी सर्वप्रथम हेच सांगेन, की आपला वाचक कोणत्या भीतीने अडला आहे, हे कळल्याशिवाय एक ओळही लिहू नये. शेजारच्या छत्तीसगडमधील दंतेवाड्यात २०२० मध्ये सुरू झालेल्या मोहिमेचे नावच ‘लोन वर्राटू’, म्हणजे गोंडीत ‘घरी परत या’, असे आहे. आत्मसमर्पण या शब्दात हार आहे, घर या शब्दात ती नाही.

कोलंबियाचे उदाहरण मी प्रत्येक नवागताला अभ्यासायला देते. तेथील सरकारने २०१० च्या नाताळात फार्क या बंडखोर संघटनेच्या वाटांवरील नऊ उंच झाडांवर दिवे लावले. कोणी जवळून गेले की ते आपोआप उजळत आणि शेजारच्या फलकावर ‘नाताळ जंगलात येऊ शकतो, तर तुम्हीही घरी येऊ शकता’ अशा आशयाचा मजकूर दिसे. पुढे २०१३ मध्ये आयांनी आपल्या मुलांची बालपणीची छायाचित्रे दिली, आणि ती मुद्दाम अशी निवडली गेली की ज्याचे छायाचित्र आहे त्यालाच ते ओळखू यावे.

ही शेवटची दक्षता मला उशिरा समजली. एका मातेचा चेहरा भित्तिपत्रकावर घ्यावा, असा आग्रह मीच धरला होता आणि तिने होकारही दिला होता. पोलिसांचा खबरी ठरवून माणसे मारली गेल्याचा या जिल्ह्याला अनुभव आहे, याची आठवण एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी करून दिली नसती, तर मी त्या कुटुंबाला संकटात लोटले असते. संमती घेतली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे या कामात कधीही मानू नये.

परिणामाचे श्रेय घेतानाही संयम हवा. १ जानेवारी २०२५ रोजी माओवादी नेत्या तारक्का आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला तिचा पती, माओवाद्यांच्या केंद्रीय समितीचा सदस्य भूपती, साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला. यामागे सुरक्षा दलांचा दबाव, संघटनेतील मतभेद, २००५ पासून राबवली जाणारी राज्याची आत्मसमर्पण योजना आणि घरच्यांची ओढ असे बरेच काही होते. किती पत्रके वाटली, या आकड्यावरून त्यातले काहीच मोजता येत नाही.

अभ्यासक्रम कोणता घ्यावा, असे अनेक जण विचारतात. समाजकार्य, मानसशास्त्र, जनसंवाद यांपैकी काहीही चालेल. माडिया किंवा गोंडी मात्र शिकलीच पाहिजे, आणि आत्मसमर्पण योजनेचा शासन निर्णय ओळीने वाचून काढला पाहिजे. पत्रकात घर, बक्षीस किंवा प्रशिक्षण यांचा उल्लेख करण्यापूर्वी परतलेल्या निदान एका व्यक्तीला ते प्रत्यक्ष मिळाले का, हे तिच्याकडूनच विचारून घ्यावे, कारण न पाळलेल्या आश्वासनाची बातमी आपल्या पत्रकाच्या आधी जंगलात पोहोचते.

पोलीस मदत केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ चालते, जिथे दाखले आणि योजनांचे अर्ज भरून दिले जातात. तिथे जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या मुलाशेजारी बाकावर बसावे आणि त्याला याआधी किती खेपा घालाव्या लागल्या, हे ऐकावे. माझे दुसरे पत्रक मी अशाच एका दुपारनंतर लिहिले. त्यात चारच ओळी होत्या, आणि पहिली ओळ आजींच्या प्रश्नाचे उत्तर होती.